नाव न लिहिलेली राजधानी

इ.स. ६२९ मध्ये चीनमधून निघालेला ह्युएनत्संग हा बौद्ध भिक्षू उत्तर भारत पालथा घालून दक्षिणेत कांचीपर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर, ६४१ च्या सुमारास, महाराष्ट्रात आला. त्याने इथल्या माणसांबद्दल जे लिहिले ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे: ही माणसे केलेले उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, पराभूत सेनापतीला दुसरी शिक्षा न देता बायकी वस्त्रे देतात, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. राजाचे नाव त्याने लिहिले, ते म्हणजे पुलकेशी, चालुक्य घराण्यातला दुसरा. हर्षवर्धनाने पूर्व-पश्चिम जिंकली, पण हा देश काही त्याच्यापुढे वाकला नाही, हेही त्याने नोंदवले. राजधानीचे वर्णनही केले. तिचा घेर तीस ली, पश्चिमेला मोठी नदी, शहरात आणि शहराबाहेर मिळून अशोकाचे म्हणून सांगितले जाणारे पाच स्तूप, दक्षिणेला जवळच एक जुना विहार आणि त्यात अवलोकितेश्वराची पाषाणमूर्ती. एवढे सगळे लिहिणाऱ्याने शहराचे नाव मात्र लिहिले नाही. दक्षिणापथाचा स्वामी म्हणवणाऱ्या सम्राटाचे हे शहर कोणते, हा प्रश्न त्यामुळे आजवर उघडा राहिला आहे. माझे मत असे की ते शहर नाशिक होते. हे मत नवे नाही. मुंबई इलाख्यातले अधिकारी आणि कोरीव लेखांचे मोठे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते मांडले होते. पण नंतर ते तळटीपेत गेले आणि खुद्द नाशिककरांनीही ते फारसे मनावर घेतले नाही. त्याची फेरतपासणी व्हायला हवी, कारण फ्लीट यांच्यानंतर सापडलेला पुरावा त्यांच्या बाजूने झुकतो.

आधी इतर दावेदार पाहू. व्हिव्हियँ द सँ-मार्तँ यांनी देवगिरीचे नाव सुचवले, पण देवगिरीला मोठी नदी नाही आणि तिथली राजधानी यादव भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस वसवली. कनिंगहॅम कल्याणकडे वळले. फर्ग्युसन यांनी गोदावरीकाठ धरून टोके, पुणतांबे किंवा पैठण असे तीन पर्याय दिले. आणि ज्याला या वादात पडायचेच नाही तो सरळ बदामी म्हणतो, कारण पुलकेशीच्या घराण्याची राजधानी वातापी म्हणजे बदामी होती यात शंका नाही. पहिल्या पुलकेशीने शके ४६५ मध्ये, म्हणजे इ.स. ५४३ मध्ये, तिथला डोंगर तटबंदीने दुर्गम केला, तसा लेख तिथल्याच खडकावर आहे. तेव्हा बदामीचा दावा सर्वांत भारी वाटतो आणि त्याचेच उत्तर आधी द्यायला हवे.

ह्युएनत्संग दक्षिणेकडून आला तो कोंकणपूर नावाच्या राज्यातून. तिथून वायव्येला, दाट आणि लुटारूंनी भरलेल्या अरण्यातून, २४०० ते २५०० ली चालल्यावर महाराष्ट्राची राजधानी लागते, असे त्याचे म्हणणे. पुढे तिथून १००० ली गेल्यावर नर्मदा ओलांडून भरुकच्छ, म्हणजे आजचे भरुच. कोंकणपूर नेमके कुठले यावर मतभेद आहेत, पण तुंगभद्रेकाठचे आनेगुंदी किंवा बनवासी ही दोन नावे विचारात घेण्यासारखी आहेत. आता नकाशा पुढे घ्या. आनेगुंदीपासून बदामी सरळ रेषेत जेमतेम ११० किलोमीटरवर आहे आणि बदामीपासून भरुच ७०० किलोमीटरवर. यात्रेकरूच्या हिशेबात पहिला टप्पा दुसऱ्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. बदामी धरली तर दुसरा टप्पा पहिल्याच्या सहापटीहून मोठा होतो. बनवासी धरूनही हे उलटे चित्र सुलटे होत नाही. शिवाय बदामी लाल वालुकाश्माच्या कड्यांच्या कुशीत, तलावाकाठी वसली आहे. मलप्रभा तिथून काही अंतरावर वाहते. तिला कोणी या शहराच्या पश्चिम वेशीवरची मोठी नदी म्हणणार नाही.

टप्प्यांच्या या प्रमाणाला मी इतके महत्त्व देतो त्याला कारण आहे. ली म्हणजे किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कनिंगहॅम यांनी ह्युएनत्संगच्या ओळखता येणाऱ्या ठिकाणांवरून सहा ली म्हणजे एक मैल असा हिशेब बसवला. कोणी ली मोठा धरतात. ली लांब-आखूड करून आपल्या आवडीचे गाव बसवणे सोपे असते आणि या वादात ते पुष्कळदा झाले आहे. पण एकाच माणसाने एकाच प्रवासात मोजलेल्या दोन टप्प्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण ली कितीचाही धरला तरी बदलत नाही. पैठण या कसोटीवर घासून पाहा. आनेगुंदी ते पैठण सुमारे ४७५ किलोमीटर, पैठण ते भरुच सुमारे ३५०. प्रमाण दीडपटीच्याही खाली जाते. आनेगुंदी ते नाशिक सुमारे ५९० किलोमीटर आणि नाशिक ते भरुच सुमारे २०५, म्हणजे पावणेतीनपटीच्या आसपास. हवे होते अडीचपट. सह्याद्रीच्या उतरणीची आणि नर्मदेच्या उताराची वाट सरळ रेषेपेक्षा बरीच लांबते हे ध्यानात घेतले, तर नाशिक आणखी जवळ येते. कल्याणचे प्रमाण दुपटीच्या जरा वर येते, म्हणजे तेही अगदी टाकाऊ नाही. पण कल्याण भरुचच्या थेट दक्षिणेला, घाटाखाली आहे, आणि पुलकेशीच्या ऐहोळेच्या प्रशस्तीत कोंकणातल्या मौर्यांचा पराभव वेगळा सांगितला आहे व ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व वेगळे. शके ५५६ मध्ये, म्हणजे इ.स. ६३४ मध्ये, ती प्रशस्ती रचणाऱ्या रविकीर्तीला कोंकण आणि महाराष्ट्र हे दोन प्रदेश वेगळे होते. ह्युएनत्संगने महाराष्ट्राची म्हणून सांगितलेली राजधानी घाटावरच शोधायला हवी.

दुसरी खूण अजिंठ्याची. या देशाच्या पूर्व सीमेवर डोंगररांगा आहेत, तिथे अर्हत आचाराने करवलेला विहार आहे, दाराबाहेर दोन्ही अंगांना दगडी हत्ती आहेत, असे तो लिहितो. हे वर्णन अजिंठ्याचे आहे हे बहुतेक सगळे मान्य करतात. तिथल्या सोळाव्या लेण्याच्या वाटेवरचे हत्ती आजही जागेवर आहेत आणि सव्विसाव्या लेण्याच्या लेखात अचल नावाच्या भिक्षूचा उल्लेख आहे. आता अजिंठा कोणाच्या पूर्वेला? पैठणहून तो उत्तरेला, बदामीहून तर कितीतरी दूर उत्तरेला. नाशिकहून मात्र तो पूर्वेला, दोनशे किलोमीटरवर. ज्या मुलखाच्या वर्णनात अजिंठा पूर्वेच्या सीमेवर येतो, त्या मुलखाचे केंद्र अजिंठ्याच्या पश्चिमेला असणार, हे सरळ आहे. ह्युएनत्संग पुलकेशीच्या सबंध साम्राज्याचे वर्णन करत नव्हता. साम्राज्य कावेरीच्या दिशेने पसरले होते. तो फक्त महाराष्ट्र या देशाचे वर्णन करत होता आणि त्या देशाची राजधानी सांगत होता.

तिसरी खूण पांडवलेणीची, आणि इथे थोडे थांबायला हवे. शहराच्या दक्षिणेला जवळच जुना विहार आहे, असे यात्रेकरू म्हणतो. नाशिकच्या जुन्या गावापासून दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला कलून, आठेक किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे आणि त्यात २४ लेणी आहेत. सातव्या शतकातही ती सात-आठशे वर्षांची झालेली होती, म्हणजे जुना विहार हे वर्णन अक्षरशः लागू पडते. आणि ती तेव्हा ओसाडही नव्हती. मुळात ज्या लेण्यांत मूर्ती नव्हत्या त्यांतल्या काहींत नंतरच्या शतकांत महायान पंथाच्या बुद्धमूर्ती आणि चवरी धरलेले बोधिसत्त्व कोरले गेले, भिंती मागे सरकवून गाभारे काढले गेले. याच डोंगरात, दहाव्या लेण्याच्या ओवरीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदाताचा लेख आहे. त्याने नाशिकलगतच्या गोवर्धन इथल्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले: दोन हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने, दोन्ही दरमहा, आणि त्या व्याजातून भिक्षूंना वर्षावासाची वस्त्रे व किरकोळ खर्चाचे पैसे. एवढी ठेव पिढ्यानपिढ्या सांभाळतील असा भरवसा ज्या श्रेणींवर ठेवता येतो, ते गाव निव्वळ तीर्थक्षेत्र नसते. त्याच ओवरीतल्या दुसऱ्या लेखात उषवदाताने चार ठिकाणी धर्मशाळा बांधल्याचे सांगितले आहे: भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक. ह्युएनत्संगच्या आधी पाचशे वर्षे भरुच आणि नाशिक एकाच दळणवळणाच्या माळेत होते, याचा याहून बोलका दाखला दुसरा नाही. महाराष्ट्रातून भरुचला जाणारा यात्रेकरू या वाटेने गेला तर नवल काय!

ही वाटच या शहराच्या राजकीय महत्त्वाचे मूळ आहे. थळ घाटाने सोपारा-कल्याणची बंदरे, उत्तरेला गिरणेच्या आणि तापीच्या खोऱ्यातून माळवा, वायव्येला लाट देश म्हणजे दक्षिण गुजरात, पूर्वेला गोदावरीच्या काठाने पैठण. या वाटांच्या गाठीवर बसलेला राजा चारही दिशांना हात पोचवू शकतो, आणि म्हणूनच ही जागा नेहमी झगड्याची राहिली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर गोवर्धनच्या आपल्या अमात्याला पाठवलेली आज्ञा तिसऱ्या लेण्यात कोरली आहे. जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला आहे. पुलकेशीच्या काळातली परिस्थितीही तशीच होती. हा मुलूख चालुक्यांनी कलचुरींकडून नुकताच घेतलेला. कळवण तालुक्यातल्या अभोण्याचा शंकरगणाचा ताम्रपट इ.स. ५९५ चा आणि चांदवड तालुक्यातल्या वडनेरचा बुद्धराजाचा ताम्रपट ६०८ चा. त्यानंतर कलचुरी इथून हटतात आणि शके ५५२ मध्ये, म्हणजे ६३० मध्ये, गिरणेकाठच्या लोहोणेरचा ताम्रपट येतो तो खुद्द दुसऱ्या पुलकेशीचा. वीस-बावीस वर्षांत मालक बदलला. ज्याला हर्षाची सरहद्द नर्मदेवर रोखून धरायची आहे आणि नव्याने जिंकलेला, जुन्या राजघराण्याची सवय असलेला मुलूख ताब्यात ठेवायचा आहे, त्याला सातशे किलोमीटरवरच्या बदामीत बसून हे जमणार नव्हते. त्याला उत्तरेत राजपीठ हवे होते.

यावर आक्षेप येतो की एका राजाच्या दोन राजधान्या कशा? पण आपण राजधानी म्हटली की आजच्या मंत्रालयासारखे एका जागी रुतलेले ठिकाण डोळ्यांपुढे आणतो. त्या काळचे राजे दौऱ्यावर असत, दानपत्रे छावण्यांतून निघत, आणि घराण्याचे कुळस्थान एक व कारभाराचे ठाणे दुसरे असे सहज चाले. याच जिल्ह्यात त्याची दोन उदाहरणे पुढे घडली. राष्ट्रकूट तिसरा गोविंद कनोजपासून कांचीपर्यंत धडका मारणारा सम्राट. नवव्या शतकाच्या पहिल्या दशकातली त्याची दानपत्रे मयूरखंडीहून निघाली आहेत. मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगीच्या समोरचा मार्कंड्या किल्ला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोणी तिला राजधानी म्हणतात, कोणी छावणी. पण सम्राट तिथे बसून आज्ञा देत होता हे तर उघड आहे. मान्यखेट ही राजधानी त्याच्या मुलाच्या, अमोघवर्षाच्या काळात वैभवाला आली. यादवांचेही तेच. एका जुन्या दानपत्राप्रमाणे दृढप्रहाराचे ठाणे चंद्रादित्यपूर, ते बहुधा चांदवड; त्याचा मुलगा सेउणचंद्र सिन्नरच्या परिसरात आला आणि त्याच्या नावाने मुलूख सेउणदेश झाला; देवगिरी त्यानंतर तीन शतकांनी. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहिले की हे ठाणे किती बळकट असेल याची कल्पना येते. दख्खनच्या सत्तांनी पुन्हा पुन्हा या टापूत राजपीठ मांडले आणि साम्राज्य वाढल्यावर पूर्वेला किंवा दक्षिणेला हलवले. पुलकेशीने तसे केले असेल तर तो अपवाद ठरत नाही, परंपरेतला एक ठरतो.

पुलकेशीनंतरचा पुरावाही याच दिशेचा आहे. ६४२ मध्ये पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी घेतली, काही वर्षे चालुक्यांची राजधानी शत्रूच्या हातात गेली. तरी उत्तरेचा हा भाग घराण्याने सोडला नाही. पहिल्या विक्रमादित्याचा भाऊ धराश्रय जयसिंह याचा ६८५ चा ताम्रपट नाशिकचाच, आणि त्यात नासिक्य विषयातल्या गावाचे दान आहे. म्हणजे नासिक्य हे तेव्हा एका प्रांताचे मुख्य ठाणे होते आणि राजघराण्यातला माणूस त्याचा कारभार पाहत होता. ७१० च्या सुमाराचे भोगशक्तीचे अंजनेरी ताम्रपट तर बाजारपेठेची घडीच समोर ठेवतात: उजाड झालेले गाव पुन्हा वसवताना व्यापाऱ्यांना जकात माफ केली आहे, आणि देवळासाठी लावलेल्या देण्यांत कृष्णराजाचे रूपक सांगितले आहेत. कलचुरी कृष्णराजाला जाऊन तेव्हा सव्वाशेवर वर्षे झाली होती, तरी त्याचे चांदीचे नाणे इथे चालत होते. निरपणच्या ताम्रपटाचाही आधार पुष्कळ लोक घेतात, कारण त्यात कपालेश्वराच्या पूजेसाठी दान आहे. पण त्याच्या अस्सलपणावर गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत, म्हणून मी तो पुराव्यात धरत नाही. नाशिकची बाजू त्यावाचून उभी राहते.

आता खरे अवघड आक्षेप दोन आहेत. पहिला नदीचा. जुने नाशिक गोदावरीच्या उजव्या काठावर आहे. तिथल्या टेकाडावरच्या मातीच्या गढीवरून पाहिले तर नदी पश्चिमेला नाही. हा आक्षेप टाळता येत नाही. पण शहराचा घेर तीस ली, म्हणजे कनिंगहॅमच्या हिशेबाने आठ किलोमीटर. एवढे शहर एका टेकाडावर मावत नाही, ते दोन्ही काठांवर पसरलेले असणार. गोदावरी इथे गंगापूर-आनंदवलीकडून म्हणजे पश्चिमेकडून येते आणि रामकुंडाजवळ दक्षिणेकडे वळते. पंचवटीच्या बाजूने पाहणाऱ्याला ती पश्चिमेलाच दिसते. सातव्या शतकातली राजवस्ती डाव्या काठावर असेल, तर यात्रेकरूचे वाक्य जसेच्या तसे खरे ठरते. हे सिद्ध झालेले नाही, एवढे मी मान्य करतो. पण अशक्य म्हणून झिडकारण्याजोगेही ते नाही. भरुचची दिशा त्याच्या ग्रंथात पश्चिम आणि त्याच्या चरित्रात वायव्य दिली आहे. खरी दिशा वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकते. दिशांच्या बाबतीत तो इतका सैल असेल तर नदीच्या एका बाजूवरून सबंध ओळख मोडीत काढणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप उत्खननाचा, आणि तो जास्त भारी आहे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी मातीच्या गढीवर उत्खनन केले. ताम्रपाषाण युगापासून सातवाहनांपर्यंतचे थर तिथे भरभरून मिळाले, पण सातव्या शतकातल्या मोठ्या राजधानीचा म्हणावा असा पुरावा हाती लागला नाही. पाच स्तूपांचाही पत्ता नाही. तरीही यावरून राजधानी नव्हतीच असे म्हणणे घाईचे होईल. गढी हा नदीकाठचा एक तुकडा. नद्यांना येणाऱ्या पुरांमुळे आणि सत्तांतरांमुळे वस्त्या काठाकाठाने सरकतात. उषवदाताच्या लेखातले गोवर्धन हे गाव तर आजच्या शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर त्याच नावाने उभे आहे. ताम्रपटात ठसठशीतपणे नोंदलेले नासिक्य गढीच्या थरांत सापडत नसेल, तर याचा अर्थ इतकाच की ते गढीवर नव्हते. ताम्रपट खोटे ठरत नाहीत, शोधायची जागा बदलते. आणि ती जागा आपण अजून शोधलेलीच नाही. पंचवटी, तपोवन आणि गोवर्धनपर्यंतचा डावा-उजवा काठ यांचे थरांच्या क्रमाने पद्धतशीर उत्खनन झालेले नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नेमक्या याच पट्ट्यात घाट, रस्ते आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांसाठी खोदाई होणार. कुंभमेळ्याच्या कामांना कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही, माझाही नाही. पण यंत्राने एकदा चर मारला की चौदाशे वर्षांचे थर एका दुपारी मिसळून जातात आणि ते परत लावता येत नाहीत. महानगरपालिका, राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून तपोवन ते गोवर्धन या पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या खोदाईवर एक पुरातत्त्वज्ञ नेमावा, निघणारे विटकाम आणि खापरे नोंदवावीत, आणि काही जागी आधी चाचणी-खड्डे घ्यावेत. नाशिककरांनी ही मागणी आता, कामे संपण्याआधी, लावून धरावी.